लाँगइयरब्येनमध्ये मरायला बंदी नाही : त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा

नॉर्वेतल्या ‘मरायला बंदी असलेल्या गावा’चा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. कधी यूट्यूबवर लाल बाण काढलेला थंबनेल असतो, कधी फेसबुकवर बर्फातल्या रंगीत घरांचा फोटो, आणि सोसायट्यांच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर तर तो अधूनमधून येतोच. मजकूर थोडा इकडेतिकडे होतो, पण गाभा असा: लाँगइयरब्येन हे जगातलं सगळ्यात उत्तरेचं गाव, तिथे १९५० पासून कायद्याने मरायला बंदी आहे, कारण थंडीत प्रेतं कुजत नाहीत आणि १९१८ च्या साथीचा विषाणू तिथल्या प्रेतांत जिवंत सापडला. बाळंतपणालाही बंदी, मांजर पाळायला बंदी, घराबाहेर पडायचं तर बंदूक सक्तीची, सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र, मूळ रहिवासी इग्लूत राहणारे एस्किमो, डोंगरात जगबुडीसाठी साऱ्या जगाला पुरेल एवढं धान्य भरून ठेवलंय, आणि शेवटची ओळ हमखास, व्हिसा लागत नाही, कुणीही जाऊन कायमचं राहावं.

यातलं बरंचसं चूक आहे, काही अर्धवट आहे आणि एखाददुसरी गोष्ट खरीसुद्धा आहे. मला हे लिहावंसं वाटलं कारण त्या ‘बंदी’च्या चमत्कारिकपणात गावाची खरी अडचण पार झाकली जाते. हे गाव माणसाने म्हातारं होण्यासाठी, अंथरुणाला खिळून राहण्यासाठी वसवलेलंच नाही, आणि आता ज्या गोठलेल्या जमिनीवर ते उभंय ती जमीनच सैल होत चाललीय. तिथे माणसं राहतात, त्यांची पोरं शाळेत जातात, त्यांच्यातली काही माणसं तिथेच वारलीत. त्यांच्याबद्दल बोलायचं तर नीट बोलावं.

सगळ्यात मोठा मुद्दा आधी घेतो. मरायला बंदी घालणारा कायदा तिथे नाही. नॉर्वेच्या कायद्यात नाही आणि स्वालबार्डचा, म्हणजे हे गाव ज्या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटसमूहात आहे त्याचा, कारभार बघणाऱ्या गव्हर्नरच्या नियमातही नाही. कुणी गेलं तर दंड नाही, गुन्हा नाही, घरच्यांना त्रास नाही. खरं काय आहे तर गावातल्या छोट्या दफनभूमीत साधारण १९५० पासून शवपेट्या पुरणं बंद आहे. अस्थींचा कलश पुरता येतो, त्याला गव्हर्नरच्या ऑफिसची परवानगी लागते आणि गेलेल्या माणसाचं या जागेशी नातं असावं लागतं. म्हणजे बंदी असलीच तर ती पुरण्याच्या एका पद्धतीवर आहे, आणि तिचं कारण जमिनीत आहे.

ते कारण समजून घेण्यासारखं आहे. तिथली जमीन वर्षानुवर्षं गोठलेली आहे, त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आणि तो थोडाथोडका नाही, किनाऱ्याजवळ शंभरेक मीटर आणि डोंगरात चारशे-पाचशे मीटर खोल. पण वरचा मीटर-दीड मीटरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळा आला की पुन्हा गोठतो. मातीतलं पाणी गोठलं की फुगतं, त्यात पुरलेली वस्तू किंचित वर उचलली जाते, उन्हाळ्यात माती सैल झाली की खालच्या पोकळीत बारीक माती आणि खडे जाऊन बसतात, त्यामुळे ती वस्तू पुन्हा आपल्या जागी खाली येत नाही. असं दरवर्षी थोडं थोडं होत राहतं आणि काही दशकांनी दगड असो, खांब असो की लाकडी पेटी असो, वर यायला लागते. आता आपल्या घरातल्या माणसाची पेटी अशी जमिनीतून वर येताना बघायची कुणाची तयारी असेल? खोल खणावं तर खाली सिमेंटसारखा कडक बर्फमातीचा थर. म्हणून पेट्या बंद झाल्या. यात गूढ असं काही नाही.

आणि माणसं तिथे मरतात, हे सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. ३ जानेवारी १९२० ला तिथल्या पहिल्या खाणीत स्फोट होऊन २६ कामगार गेले. ही झाली जुनी गोष्ट. पण १९ डिसेंबर २०१५ ला, म्हणजे ख्रिसमसच्या आठवड्यावर, रात्रभराच्या वादळानंतर सकाळी सुकरटोपन डोंगरावरून हिमकडा सुटला आणि त्याने पायथ्याची दहा-अकरा घरं पायापासून उचलून पुढे ढकलली, त्यात एक माणूस आणि एक लहान मूल गेलं. अडीच हजारांच्या गावात अशी घटना घडली की प्रत्येक जण जाणाऱ्याला ओळखत असतो. त्यानंतर डोंगराखालची कितीतरी घरं रिकामी करून पाडली, उतारावर हिमकडे अडवायला लोखंडी कुंपणं उभी केली. ‘तिथे मरायला बंदी आहे’ हे वाक्य त्या गावातल्या कुणासमोर म्हणून बघा, हसणार नाही कुणी.

मृत्यूवर खरोखरची बंदी घातल्याची उदाहरणं इतिहासात आहेत, ती दुसरीकडची. ग्रीसमधलं डेलोस बेट पवित्र म्हणून अथेन्सवाल्यांनी इसवी सनपूर्व ४२६ मध्ये तिथे जन्म आणि मृत्यू दोन्हींना मनाई केली होती. २००० साली फ्रान्समधल्या ल लाव्हांदू गावच्या महापौराने नवीन दफनभूमीला परवानगी मिळेना म्हणून निषेधाचा भाग म्हणून तसा हुकूम काढला होता. लाँगइयरब्येनमध्ये असा कागद कुणीच काढलेला नाही.

मग हा समज आला कुठून, तर मला वाटतं त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट कायद्यापेक्षा जास्त बोचरी आहे. लाँगइयरब्येनमध्ये वृद्धाश्रम नाही, दीर्घकाळ शुश्रूषेची सोय नाही, घरी येऊन म्हाताऱ्या माणसाचं करणारी सरकारी यंत्रणा नाही. हॉस्पिटल आहे, चांगलं आहे, पण छोटं, उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचीच ती शाखा. तातडीचे उपचार करायचे, पेशंट स्थिर करायचा आणि गंभीर असेल तर विमानाने ट्रोम्सोला पाठवायचं, जवळजवळ हजार किलोमीटर. नॉर्वे सरकारचं धोरणच उघड आहे की ही वस्ती पाळण्यापासून सरणापर्यंतची नाही. स्वतःचं पोट भरता येत असेल आणि स्वतःची काळजी घेता येत असेल तोवर राहा, नंतर मेनलँडला, म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जा. ज्याला स्वतःचा खर्च झेपत नाही त्याला परत पाठवायचा अधिकार गव्हर्नरला आहे.

नॉर्वेजियन माणसाला हे जड जात नाही, कारण स्वालबार्डला राहायला गेला तरी मेनलँडवरच्या त्याच्या नगरपालिकेत त्याचं नाव राहतं आणि म्हातारपणी ती नगरपालिका त्याचं बघते. पण गावातले साधारण एक तृतीयांश लोक परदेशी आहेत, पन्नासपेक्षा जास्त देशांचे, त्यात थायलंड आणि फिलिपिन्सची माणसं बरीच. हॉटेलं, सफाई, दुकानं, किचन यांच्यावर चालतात. यातले काही जण वर्षानुवर्षं तिथे आहेत, पोरं तिथे वाढली, आणि मेनलँडवर त्यांची नगरपालिका कुठलीच नाही. आजारी पडलं, अपंगत्व आलं, मुलाला विशेष मदतीची गरज लागली तर कुणाच्या दारात जायचं हा त्यांच्यापुढचा खरोखरचा प्रश्न आहे. त्यात २०२२ मध्ये नियम बदलला, आधी मेनलँडवर तीन वर्षं राहिलेलं असल्याशिवाय परदेशी नागरिकाला गावच्या निवडणुकीत मत देता येत नाही. म्हणजे जिथे आयुष्य काढलं तिथल्या कारभारात बोलायचा हक्कही गेला. फॉरवर्ड करायचाच असेल तर हे करा ना, याच्यावर चर्चा होऊ दे.

आता विषाणूचा मुद्दा. सप्टेंबर १९१८ मध्ये फॉर्सेट नावाच्या जहाजातून खाणीत कामाला म्हणून तरुण पोरं उत्तर नॉर्वेतून आली, शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची पोरं. हिवाळा सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून शेवटच्या बोटींपैकी एक. प्रवासातच स्पॅनिश फ्लू पसरला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यातले सात जण गेले. त्यांना गावच्या दफनभूमीत पुरलं, त्यांचे क्रूस आजही तिथे आहेत. इथपर्यंत खरं.

पुढे १९९८ मध्ये कर्स्टी डंकन या कॅनडाच्या संशोधकाने टीम घेऊन, सगळ्या परवानग्या काढून, ती थडगी उघडली. आशा अशी की मृतदेह पर्माफ्रॉस्टमध्ये घट्ट गोठलेले असतील आणि फुफ्फुसांत विषाणूचा पुरावा मिळेल. त्याआधी रडारने जमीन तपासली होती आणि खड्डे बरेच खोल असावेत असं वाटत होतं. प्रत्यक्षात पेट्या मीटरभरसुद्धा खोल निघाल्या नाहीत, म्हणजे दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरातच होत्या. ऐंशी वर्षं वितळून गोठून शरीरं बरीच खराब झालेली होती. जिवंत विषाणू सापडला नाही. फॉरवर्डमधली दोन्ही वाक्यं, ‘प्रेतं कुजत नाहीत’ आणि ‘विषाणू जिवंत सापडला’, या एकाच उत्खननाने खोटी ठरतात.

१९१८ च्या विषाणूचा जो नमुना गोठलेल्या जमिनीतून खरंच उपयोगी पडला तो अलास्कातला. ब्रेव्हिग मिशन नावाची बेरिंग सामुद्रधुनीजवळची एक छोटी किनारी वस्ती, १९१८ च्या नोव्हेंबरात तिथल्या ८० मोठ्या माणसांपैकी ७२ जण पाच दिवसांत गेले. योहान हुल्टिन हा डॉक्टर १९५१ मध्ये तिथे गेला होता, तेव्हा काही जमलं नाही, मग १९९७ मध्ये सत्तरी ओलांडलेली असताना स्वतःच्या पैशाने पुन्हा गेला, गावच्या लोकांची परवानगी मागितली आणि एका बाईच्या फुफ्फुसाचे नमुने घेऊन आला. जेफरी टॉबेनबर्गरच्या लॅबमध्ये त्यातून विषाणूच्या जनुकांचे तुकडे मिळाले आणि २००५ पर्यंत पूर्ण रचना वाचून झाली. तिथेही जमिनीतून जिवंत विषाणू निघालाच नव्हता, निघाले ते तुकडे. दोन वेगळी गावं, दोन वेगळे शोध, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र कालवले. ब्रेव्हिग मिशनच्या त्या लोकांचं नावसुद्धा यात कुठे येत नाही, ज्यांनी आपल्या माणसांची थडगी उघडायला परवानगी दिली.

बाळंतपणाला बंदी? तीही नाही. हॉस्पिटलमध्ये प्रसूतीची पूर्ण सोय नाही, काही गुंतागुंत झाली आणि बाहेर बर्फाचं वादळ असेल तर विमान उडणार नाही, म्हणून गरोदर बाई तारखेच्या तीनेक आठवडे आधी मेनलँडला जाते. आपल्याकडे दुर्गम भागातल्या बाईला वेळेत तालुक्याच्या दवाखान्यात हलवतात त्याच जातीची ही काळजी आहे. आणि अचानक कळा सुरू झाल्या तर तिथलेच डॉक्टर आणि सुईणी बघतात, कुणी गुन्हा नोंदवत नाही.

‘जगातलं सगळ्यात उत्तरेचं गाव’ हे अर्धवट आहे. लाँगइयरब्येन ७८ अंश १३ मिनिटं उत्तर अक्षांशावर, स्पिट्सबर्गन बेटावर, इसफ्योर्ड या खाडीच्या अॅडव्हेंटफ्योर्ड नावाच्या फाट्याला, दोन्ही बाजूंनी सपाट माथ्याचे डोंगर आणि मध्ये एक अरुंद दरी अशा जागी आहे. उत्तर ध्रुव तिथून तेराशे किलोमीटरवर. पण त्याच बेटावर नी-ऑलेसुंड ही संशोधकांची वस्ती त्याच्याही उत्तरेला आहे, आणि कॅनडाचं अलर्ट हे लष्करी ठाणं तर साडेब्याऐंशी अंशांवर. हजाराच्या वर वस्ती असलेलं सगळ्यात उत्तरेचं गाव म्हटलं तर लाँगइयरब्येन बरोबर.

इतक्या वर असूनही तिथे माणूस राहू शकतो याचं श्रेय समुद्राला आहे. अटलांटिकचं कोमट पाणी वाहत स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातं, त्यामुळे त्याच अक्षांशावरच्या कॅनडा किंवा ग्रीनलंडपेक्षा इथला हिवाळा बराच सौम्य. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला दोनशे मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे बर्फ दिसत असलं तरी हिशोबाने हे वाळवंटच. झाड एकही नाही. घरं खांबांवर उभी, कारण घराची ऊब खालच्या गोठलेल्या जमिनीत उतरली तर जमीन खचेल, आणि पाण्याचे, गटाराचे, गरम पाण्याचे पाईप जमिनीखाली न घालता वरून लाकडी पेट्यांतून नेलेले.

‘मूळ रहिवासी एस्किमो’ हे तर सपशेल खोटं. स्वालबार्डला मूळ रहिवासी नव्हतेच. १५९६ मध्ये डच खलाशी विलेम बॅरेंट्स तिथे पोचला, पुढे सतराव्या शतकात देवमाशांची शिकार करणारे उन्हाळ्यात येऊन चरबी कढवायचे, मग रशियन आणि नॉर्वेजियन फासेपारधी आले, पण गाव असं कुणी वसवलं नाही. जॉन मनरो लाँगइयर हा अमेरिकेतला मिशिगनचा उद्योजक १९०१ मध्ये बोटीने फिरायला म्हणून आला, डोंगरात कोळशाचे थर दिसले, आणि १९०६ मध्ये त्याने आर्क्टिक कोल कंपनी काढून खाण सुरू केली. त्याच्याच नावाचं हे गाव. १९१६ मध्ये ते नॉर्वेच्या स्टोर नॉर्स्के कंपनीने विकत घेतलं, आणि त्यानंतर कितीतरी दशकं गाव म्हणजे कंपनी आणि कंपनी म्हणजे गाव. घर कंपनीचं, खानावळ कंपनीची, दुकान कंपनीचं. करार संपला की माणूस परत. वृद्धाश्रम का नाही याचं उत्तर खरं तर इथे आहे, खाणीला कामाला हात हवे होते, म्हातारे नकोत. त्या काळापासून आलेली एक सवय मला फार आवडते, खाणीची काळी धूळ आत येऊ नये म्हणून दारात बूट काढायचे, आणि आज खाण नसली तरी तिथल्या म्युझियममध्ये, चर्चमध्ये, कित्येक हॉटेलांत लोक बूट काढून मोजे घालूनच आत फिरतात. आपल्या माणसाला तिथे गेल्यावर घरच्यासारखं वाटेल.

गावाने दुसरं महायुद्धही बघितलं. १९४१ मध्ये सगळ्यांना तिथून हलवलं आणि सप्टेंबर १९४३ मध्ये टिर्पिट्झ आणि शार्नहोर्स्ट या जर्मन युद्धनौकांनी तोफा डागून गाव जवळजवळ बेचिराख केलं. चर्च जळालं ते १९५८ मध्ये पुन्हा बांधलं, आणि पेटवून दिलेली दोन नंबरची खाण आतल्या आत १९६२ पर्यंत धुमसत राहिली. विमानतळ १९७५ मध्ये झाला, तोवर समुद्र गोठला की महिनोन्‌महिने जहाज यायचं नाही. विद्यापीठाचं केंद्र १९९३ मध्ये आलं. गावच्या वीजकेंद्रात २०२३ पर्यंत तिथलाच कोळसा जळत होता, मग डिझेल आलं, आणि शेवटची सात नंबरची खाण २०२५ च्या जूनअखेर बंद झाली. कोळसा खाली नेणाऱ्या रोपवेचे लाकडी मनोरे मात्र डोंगरावर अजून उभे आहेत, कारण १९४६ च्या आधीचं जे काही माणसाने तिथे सोडलंय ते कायद्याने संरक्षित आहे, अगदी गंजलेला पत्रासुद्धा उचलायचा नाही. त्या गावात खरे कडक कायदे हे असे आहेत.

सहा महिने रात्र हे ध्रुवावर. लाँगइयरब्येनमध्ये साधारण २६ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी सूर्य क्षितिजावर येत नाही, म्हणजे चार महिन्यांना थोडे कमी. त्यातही सुरुवातीला आणि शेवटी दुपारी निळसर उजेड असतो, ठार काळोख साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. आणि उन्हाळ्यात २० एप्रिलच्या सुमारापासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. पण एक गंमत बघा, फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य क्षितिजावर आला तरी गावात ऊन पडत नाही, कारण गाव डोंगरांच्या बेचक्यात आहे. गावात पहिलं ऊन येतं ते ८ मार्चच्या सुमाराला. त्या दिवशी दुपारी सगळं गाव जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी जमतं. हॉस्पिटल आता नाही, पायऱ्या तेवढ्या राखून ठेवल्यात. शाळेची पोरं गालांवर पिवळे रंग लावून, डोक्याला किरणांचे कागदी मुकुट बांधून सूर्याला हाका मारत बसतात, आणि डोंगराच्या खिंडीतून ऊन सरकत येऊन वरच्या पायरीला लागलं की एकच जल्लोष. आठवडाभर उत्सव चालतो. ढग असले तरी लोक येतातच.

बंदुकीचं काय? गावात बंदूक घेऊन फिरणं सक्तीचं नाही, उलट वस्तीत भरलेली बंदूक बाळगायला मनाई आहे, दुकानांच्या दारावर बंदूक आत आणू नका अशा पाट्या असतात. वस्तीच्या बाहेर जायचं असेल तर पांढऱ्या अस्वलाला घाबरवून पळवण्याचं साधन, म्हणजे फ्लेअर पिस्तुल वगैरे, जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यासोबत बंदूकही ठेवा अशी गव्हर्नरची शिफारस आहे. सक्ती आणि शिफारस यातला हा फरक फॉरवर्डमध्ये गळतो. बहुतेक पर्यटक सशस्त्र गाईडबरोबरच जातात.

त्याच दमात ‘माणसांपेक्षा अस्वलं जास्त’ हेही येतं. त्यासाठी दिला जाणारा तीन हजार अस्वलांचा आकडा अख्ख्या बॅरेंट्स समुद्राच्या प्रदेशाचा आहे, रशियाकडची बेटं आणि तरंगता बर्फ धरून. स्वालबार्डमध्येच बारमाही राहणारी अस्वलं तीनशेच्या आसपास. १९७३ पासून त्यांची शिकार बंद आहे, आणि आता तर तीनशे मीटरच्या आत, मार्च ते जूनमध्ये पाचशे मीटरच्या आत, त्यांच्याजवळ जायचं नाही असा नियम आहे. धोका खरा आहे, ऑगस्ट २०२० मध्ये विमानतळाशेजारच्या कॅम्पिंगच्या जागेत अस्वलाने तंबूतल्या माणसाला मारलं, १९७१ पासूनचा तो सहावा बळी. पण ५० वर्षांत सहा, आणि दुसरीकडे जीव वाचवण्यासाठी गोळी घातलेली अस्वलं त्याहून कितीतरी जास्त, हे दोन्ही एकत्र बघायला हवं.

मांजराची बंदी खरी आहे. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे उन्हाळ्यात लाखोंनी येतात, त्यांना मांजराचा धोका, म्हणून संपूर्ण स्वालबार्डमध्ये मांजर आणता येत नाही. कुत्री चालतात, स्लेज ओढणारी तर भरपूर आहेत.

धान्याच्या कोठाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात आपलाही धागा आहे. विमानतळाच्या वरच्या डोंगरात २६ फेब्रुवारी २००८ ला ग्लोबल सीड व्हॉल्ट सुरू झालं. तिथे खायचं धान्य नाहीच. जगभरातल्या बियाणे बँकांनी आपल्याकडच्या वाणांच्या जादा प्रती तिथे ठेवल्यात, एका वाणाच्या पाकिटात साधारण पाचशे बिया, उणे १८ अंशांत. जागा ४५ लाख वाणांची, आजवर बारा-तेरा लाखांच्या घरात जमा झालेत. ज्याचं बियाणं त्याचाच हक्क, पेटी दुसरा कुणी उघडत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनेही तिथे आपल्या संग्रहाच्या प्रती ठेवल्यात, म्हणजे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, आपल्या मराठवाड्या-विदर्भाच्या शेतातली पिकं तिथे डोंगराच्या पोटात आहेत. आणि हे जगबुडीसाठीच असतं असंही नाही, सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची बियाणे बँक हातातून गेली तेव्हा इकार्डा या संस्थेने २०१५ मध्ये आपली पाकिटं इथून परत नेली, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवली आणि नवीन प्रती पुन्हा आणून ठेवल्या.

‘व्हॉल्ट बुडालं’ असाही एक व्हिडिओ फिरतो. २०१६ च्या शरदात नको इतका पाऊस झाला आणि प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरून गोठलं, बियांपर्यंत पोचलं नाही. नंतर बोगदा नव्याने जलरोधक करून घेतला. पण त्यातून कळायचं ते कळलं, की कायम गोठलेली राहील म्हणून निवडलेली जमीन तशी राहीलच याची खात्री उरलेली नाही. जुलै २०२० मध्ये लाँगइयरब्येनला २१.७ अंश तापमान नोंदलं गेलं. जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने हा भाग तापतोय, उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर जाड होत चाललाय, घरांचे लाकडी खांब कुजतात, उतार घसरतात, हिवाळ्यात पाऊस पडून हिमकडे सुटतात.

राहता राहिला व्हिसा, आणि इथे आपल्या लोकांनी खास लक्ष द्या, कारण या एका ओळीवर परदेशी नोकरी लावून देणारे एजंट पैसे उकळू शकतात. ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला. त्याने सार्वभौमत्व नॉर्वेला दिलं आणि करारातल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे व्यवसाय करायची समान मुभा दिली. ब्रिटिश अमलाखालचा भारतही त्यात सामील होता, त्यामुळे आपण पहिल्यापासून करारात आहोत. त्याच वाटेने २००८ मध्ये नी-ऑलेसुंडला भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि ते चालवणारी संस्था आपल्या गोव्यातच, वास्कोत आहे. २०१४ मध्ये त्यांनी काँग्सफ्योर्ड या खाडीत पाण्याखाली उपकरणं सोडली, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही आपली टीम तिथे जाते, आर्क्टिकमधल्या बदलांचा आपल्या मान्सूनशी काय संबंध लागतो हा त्यांच्या अभ्यासाचा एक भाग.

आता प्रत्यक्षात बघा. स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही हे खरं, पण तिथे जाणारं नेहमीचं विमान ओस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतं, आणि नॉर्वेत पाय ठेवायला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा, लागतो. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्यामुळे तिथे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात असं धरतात, परत येताना पुन्हा आत शिरायचं, म्हणून व्हिसा डबल किंवा मल्टिपल एंट्रीचा हवा. सिंगल एंट्रीवर गेलात तर परतीच्या वाटेत अडकाल. राहायचं म्हटलं तर घर मिळणं सगळ्यात अवघड, कारण बहुतेक घरं कंपन्यांच्या किंवा सरकारच्या मालकीची आणि नोकरीबरोबर मिळणारी. तिथे नोकरी नसलेल्यांसाठी भत्ता नाही, बेकारांसाठी आसरा नाही, खिशात पैसे नसतील तर परत पाठवतात. तिथल्या वर्षांवर नॉर्वेचा कायमचा निवासही मिळत नाही. त्यामुळे ‘नो व्हिसा, लाइफटाइम सेटल’ म्हणून कुणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका, आणि ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला तर खाली निदान ही डबल एंट्रीची गोष्ट तरी टाका.